वाटेत थांबलेले पुस्तक : पायी प्रवासाचे अपूर्ण लेखन लेखकाच्या पश्चात कसे सिद्ध करावे

लांबच्या पायी प्रवासाचे पुस्तक अर्धवट ठेवून लेखक निघून गेला, की त्याच्या वारसांसमोर आणि संपादकासमोर मोठा पेच उभा राहतो. प्रवास पूर्ण झालेला असतो, बहुधा कितीतरी वर्षांपूर्वी. शेवटचा मुक्काम कोणता हे सर्वांना ठाऊक असते. पण कागद मात्र त्या मुक्कामाच्या अलीकडेच कुठेतरी संपलेले असतात. कादंबरी अपुरी राहिली तर तिचा शेवट कोणालाच माहीत नसतो, त्यामुळे तो लिहून टाकण्याचा मोह आवरणे तुलनेने सोपे जाते. प्रवासवर्णनाचा शेवट नकाशावर दिसत असतो, आणि म्हणून मधले अंतर आपणच भरून काढावे असे भल्याभल्यांना वाटू लागते. माझी भूमिका आरंभीच स्पष्ट करणे बरे. संपादकाने मजकूर गोळा करावा, लावावा, तपासावा आणि वाचकाला समजावून द्यावा. परंतु ज्या वाटेविषयी लेखक लिहू शकला नाही ती वाट त्याच्या वतीने चालू नये. पुढील सर्व सूचना या एका भूमिकेतून आलेल्या आहेत.

या प्रकारातले सर्वांत बोधप्रद उदाहरण इंग्रज लेखक पॅट्रिक ली फर्मर याचे आहे. डिसेंबर 1933 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो हॉलंडच्या किनाऱ्यावरून कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, दिशेने पायी निघाला आणि 1934 संपून 1935 उजाडण्याच्या सुमारास तेथे पोहोचला. या प्रवासाचा पहिला भाग ‘अ टाइम ऑफ गिफ्ट्स’ 1977 मध्ये, दुसरा ‘बिटवीन द वुड्स अँड द वॉटर’ 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या भागाच्या अखेरीस पुढील भागात समाप्ती होईल असे आश्वासन छापलेले होते. 10 जून 2011 रोजी, वयाच्या शहाण्णवव्या वर्षी फर्मर वारला तेव्हा ते आश्वासन अपुरेच होते. प्रवासलेखक कॉलिन थुब्रॉन आणि फर्मरची चरित्रकार आर्टेमिस कूपर यांनी उरलेल्या कागदांतून तिसरा भाग सिद्ध केला आणि तो 2013 मध्ये ‘द ब्रोकन रोड’ या नावाने प्रसिद्ध झाला. या दोघांनी कोणते निर्णय घेतले आणि का घेतले असावेत, हे पाहत गेले की अशा कामाची बरीचशी पद्धत हाती लागते.

कागदांना हात लावण्यापूर्वी

पहिले काम संपादनाचे नसून जतनाचे आहे. लेखकाच्या टेबलावर, कपाटात आणि खोक्यांत कागद ज्या क्रमाने सापडले त्या क्रमाची छायाचित्रे घ्यावीत आणि मगच ते हलवावेत, कारण कोणता कागद कोणत्या कागदाखाली होता यावरून पुष्कळदा मसुद्यांचा क्रम ठरतो. प्रत्येक गठ्ठ्याला एक अक्षर आणि प्रत्येक पानाला एक क्रमांक द्यावा. तो मऊ शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात, अगदी बारीक लिहावा. गंजलेल्या टाचण्या काढाव्या लागतात, पण त्या कोणत्या पानांना एकत्र धरून होत्या याची नोंद आधी करावी. त्यानंतर प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी स्कॅन करावे. मागची बाजू कोरी दिसली तरी ती सोडू नये. वह्यांची मलपृष्ठे आणि आतली आवरणेही टिपावीत. अमेरिकेतील निसर्गलेखक जॉन म्यूअर 1867 मध्ये केंटकीपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पायी चालला, तेव्हाच्या त्याच्या रोजनिशीच्या आतल्या आवरणावर त्याने स्वतःचा पत्ता ‘जॉन म्यूअर, पृथ्वी-ग्रह, विश्व’ असा लिहिलेला आहे. त्या तरुणाची सारी मनोवृत्ती या एका ओळीत आहे; केवळ मजकुराची पाने नकलून घेणाऱ्या संपादकाच्या हातून ती निसटली असती.

तिकिटे, मुक्कामाच्या पावत्या, पेन्सिलीच्या खुणा असलेले नकाशे, कोणी दिलेली ओळखपत्रे, वाळलेले पान ठेवलेला लिफाफा, यांपैकी काहीही टाकून देऊ नये. घरातील मंडळी पसारा आवरण्याच्या सद्‌हेतूने हेच आधी फेकतात, म्हणून त्यांना पहिल्याच दिवशी विनंती करून ठेवावी. लेखन संगणकावर झाले असेल तर मूळ फाइली उघडून पुन्हा साठवू नयेत, कारण तसे केल्यास शेवटच्या बदलाची तारीख पुसली जाते. आधी संपूर्ण प्रत काढून घ्यावी आणि काम प्रतीवर करावे.

स्वामित्वहक्काचा प्रश्नही याच टप्प्यावर मिटवावा. वही ज्याच्या ताब्यात आहे तो त्या कागदाचा मालक असू शकतो, परंतु मजकूर छापण्याचा हक्क बहुधा लेखकाच्या वारसांकडे किंवा मृत्युपत्रात नेमलेल्या व्यक्तीकडे असतो. लेखकाने इतरांना लिहिलेली पत्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही तीच गोष्ट लागू होते. सर्व वारसांची लेखी संमती आणि संपादकाच्या अधिकाराची मर्यादा, म्हणजे काय गाळता येईल आणि अंतिम शब्द कोणाचा, हे दोन्ही काम सुरू होण्यापूर्वी कागदावर आलेले असावे.

मजकुराचे थर ओळखणे

पायी प्रवासाचे पुस्तक एका बैठकीत लिहिलेले नसते. वाटेत टिपलेली रोजनिशी, वाटेतून घरी पाठवलेली पत्रे, परतल्यावर मित्रांना सांगितलेल्या आणि सांगता सांगता घडत गेलेल्या हकिकती, मासिकासाठी लिहिलेला एखादा लेख, अनेक वर्षांनी लिहिलेला सलग मसुदा, त्याची टंकलिखित प्रत आणि तिच्यावर थरथरत्या हाताने केलेल्या अखेरच्या दुरुस्त्या, असे अनेक थर एकावर एक साचलेले असतात. प्रत्येक थरातला लेखक वेगळ्या वयाचा असतो. हे थर वेगळे केल्याशिवाय एक वाक्यही निवडू नये, कारण अशा कामातल्या बहुतेक चुका थरांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

फर्मरच्या कागदांचा इतिहास या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. म्यूनिकमध्ये त्याची पिशवी चोरीला गेली आणि तिच्याबरोबर सुरुवातीच्या नोंदीही गेल्या. पुढच्या प्रवासाची एक वही युद्धाच्या आधी रुमानियात राहून गेली. 1960च्या दशकाच्या आरंभी एका अमेरिकी मासिकाने त्याच्याकडे चालण्याच्या आनंदावर एक लेख मागितला. तो लिहिता लिहिता प्रवासाचा पूर्वार्ध त्याने आटोपशीर सांगितला, पण बल्गेरियाशी आल्यावर लेखणी मोकळी सुटली आणि लेखाचे पुस्तक होऊ लागले. तो मसुदा बाजूला पडला. रुमानियातली वही 1965 मध्ये, म्हणजे हा मसुदा लिहून झाल्यानंतर, त्याच्या हाती परत आली. याचा अर्थ असा की मसुदा आणि वही हे दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता बोललेले आहेत. मसुद्यात आणि वहीत एखादी गोष्ट सारखी आली असेल तर तिचे वजन फार मोठे. आणि वेगळी आली असेल तर तीस वर्षांच्या स्मरणाने काय केले हे तिथे उघड दिसते. कोणता थर लिहिताना लेखकापुढे कोणता दुसरा थर होता, हा प्रश्न संपादकाने प्रत्येक गठ्ठ्याला विचारावा. माझ्या अनुभवाने सांगायचे तर याहून उपयोगी प्रश्न या कामात दुसरा नाही.

थरांचा काळ ठरवण्यासाठी साध्या खुणा पुरतात. मसुदा जुन्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेला असेल तर त्या पत्रावरील तारखेच्या आधीचा तो असू शकत नाही. एकाच टाईपरायटरचे एखादे अक्षर झिजलेले किंवा किंचित वर उचललेले असते आणि त्यावरून त्या यंत्रावरची पाने एकत्र करता येतात. बॉलपेन बाजारात सर्रास आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. 1930च्या दशकातील रोजनिशीत बॉलपेनाने लिहिलेली ओळ दिसली, तर ती नंतर घातलेली आहे हे निश्चित. उतारवयातील हस्ताक्षर आकसते, ओळी खाली झुकू लागतात, आणि त्या दुरुस्त्या तरुणपणीच्या दुरुस्त्यांपासून सहज वेगळ्या पडतात. प्रत्येक थराला एक संक्षिप्त नाव द्यावे आणि पुढच्या सर्व टिपणांत तेच वापरावे.

मूळ पाठ कोणता धरावा

थर वेगळे झाले की त्यांतला एक मूळ पाठ म्हणून निवडावा लागतो. सर्वांत जुना थर सर्वांत खरा आणि म्हणून सर्वांत चांगला, अशी एक समजूत असते. ती मला मान्य नाही. रोजनिशी ही लेखकाने स्वतःसाठी केलेली नोंद असते, पुस्तक वाचकासाठी असते, आणि लेखकाने पुस्तक म्हणून सलग लिहिलेला मसुदा उपलब्ध असेल तर, तो कितीही खडबडीत असला तरी, तोच मूळ पाठ धरावा. ‘द ब्रोकन रोड’च्या संपादकांनी तेच केले. 1960च्या दशकातील मसुदा त्यांनी पुस्तकाचा कणा मानला, आणि अखेरच्या काळात फर्मरने त्यावर केलेल्या दुरुस्त्या लक्षात घेतल्या. जेथे मसुदाच नाही अशा, ग्रीसमधील माउंट एथॉस या डोंगराळ भागातील ख्रिस्ती मठांच्या भटकंतीसाठी त्यांनी रोजनिशीचा मजकूर घेतला. परंतु तो स्वतंत्र विभागात ठेवला.

हे स्वतंत्र ठेवणे फार महत्त्वाचे आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या लेखकाचे लांब, वळणे घेत जाणारे वाक्य आणि विशीतल्या मुलाने थकून भागून रात्री खरडलेली तुटक ओळ, ही एकाच परिच्छेदात शिवली तर दोघांचाही आवाज जातो. रोजनिशीत एखादा सुंदर तपशील असेल आणि मसुद्यात तो नसेल, तर तो उचलून मसुद्यात बसवण्याची इच्छा अनावर होते. तो तपशील तळटिपेत किंवा परिशिष्टात द्यावा. लेखकाने तो मसुद्यात घेतला नाही याला विस्मरण हे कारण असेल, किंवा नकोसेपणाही असेल, आणि त्यांपैकी कोणते हे आता विचारता येत नाही.

म्यूअरच्या पुस्तकाचा मार्ग थोडा वेगळा होता. म्यूअर डिसेंबर 1914 मध्ये वारला आणि त्याचे पायी प्रवासाचे पुस्तक 1916 मध्ये विल्यम फ्रेडरिक बाडे यांच्या संपादनाखाली निघाले. बाडे यांच्यापुढे मूळ रोजनिशी होती, तिची काही ठिकाणी विस्तारलेली टंकलिखित प्रत होती, आणि सव्हाना शहराजवळच्या बोनाव्हेंचर स्मशानभूमीत, घरून पैसे येण्याची वाट पाहत म्यूअरने काढलेल्या दिवसांविषयीचे दोन स्वतंत्र विस्तृत मसुदे होते. येथे सलग मसुदा असा नव्हताच. म्हणून रोजनिशीला कणा मानणे आणि लेखकाने स्वतः विस्तार केला असेल तेथे तो विस्तार घेणे हाच रास्त मार्ग होता. कोणत्या सामग्रीतून पुस्तक घडले हे बाडे यांनी प्रस्तावनेत सांगून टाकले, आणि त्यामुळे आजचा अभ्यासक पुन्हा मूळ वहीपर्यंत जाऊ शकतो.

वाट पुन्हा आखणे

मजकूर निवडल्यानंतर, पण भाषेला हात लावण्यापूर्वी, संपादकाने संपूर्ण वाट कागदावर आखावी. एक मोठा तक्ता करावा: तारीख, मुक्काम, आदल्या मुक्कामापासूनचे अंतर, हवामानाचा उल्लेख, भेटलेली माणसे, आणि ही माहिती कोणत्या थरातून आली. हा तक्ता कंटाळवाणा वाटतो, पण अर्ध्याअधिक गोंधळ त्यातूनच सुटतात. पाठीवर ओझे घेऊन तरुण माणूस सपाट रस्त्याने दिवसाला 25 ते 30 किलोमीटर चालतो, डोंगरात त्याहून कमी. तक्त्यात एखाद्या दिवशी 70 किलोमीटर आले, तर लेखक गाडीत बसला असावा, तारीख चुकली असावी किंवा मधला एक मुक्काम नोंदवायचा राहिला असावा.

तारीख नसलेली पाने जागेवर बसवण्यासाठी सार्वजनिक घटनांचा आधार घ्यावा. युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर याची हत्या 9 ऑक्टोबर 1934 रोजी मार्सेय येथे झाली. ही बातमी फर्मरच्या बल्गेरियातील वाटचालीत येते, आणि तो एक उल्लेख आजूबाजूची पुष्कळ पाने पंचांगात पक्की करतो. चांदण्याचाही असाच उपयोग होतो. कोणत्याही वर्षातील पौर्णिमा-अमावास्या गणिताने काढता येतात. मसुद्यात डोंगरावर टिपूर चांदणे असेल आणि त्या तारखेला अमावास्या असेल, तर तारीख तरी चुकली आहे किंवा चांदणे दुसऱ्या रात्रीचे आहे.

तारखांविषयी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. सगळीकडे एकच दिनदर्शिका चालत होती असे गृहीत धरू नये. बल्गेरियाने सरकारी व्यवहारासाठी 1916 मध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली, परंतु तेथील चर्च 1968 पर्यंत जुन्या जूलियन दिनदर्शिकेनुसार चालत राहिले. माउंट एथॉसवर तीच जुनी गणना आजही पाळली जाते. विसाव्या शतकात या दोन गणनांत तेरा दिवसांचे अंतर आहे. म्हणजे एखाद्या संताच्या सणाच्या आदल्या दिवशी मठात पोहोचलो असे लेखक लिहितो, तेव्हा तो सण कोणत्या गणनेतला हे पाहिल्याशिवाय तारीख ठरवता येत नाही.

स्थळनामे मात्र बदलू नयेत. लेखकाने रुस्चुक लिहिले असेल तर रुस्चुकच छापावे, आणि आजचे रुसे हे नाव टिपेत द्यावे. तुर्कस्तानने 1930 मध्येच परदेशांना इस्तंबूल हे नाव वापरण्याची विनंती केली होती, तरी फर्मरच्या लेखी ते शहर कॉन्स्टँटिनोपलच राहिले. त्याच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या तरुणाने जे शहर डोळ्यांपुढे ठेवून चालायला सुरुवात केली ते त्याच नावाचे होते. नाव सुधारले तर त्या तरुणाची दृष्टीच बदलते. काही ठिकाणे तर आता उरलेलीच नाहीत. डॅन्यूब नदीतील आदा काले हे तुर्की वस्तीचे बेट आयर्न गेट्सच्या धरणामुळे 1970च्या सुमारास पाण्याखाली गेले. अशा जागी आजच्या नकाशाचा उपयोग नाही. प्रवासाच्या काळातील नकाशे ग्रंथालयांतून मिळवावेत, आणि पुस्तकात छापायचा नकाशाही त्यांच्याच आधारे काढून घ्यावा.

आठवण आणि नोंद जुळत नसेल तेव्हा

तक्ता पूर्ण होताच एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसू लागते: लेखकाने लिहिलेले आणि घडलेले यांत फरक आहे. दोन माणसांचा एक माणूस झालेला असतो, दोन रात्री एकीत मिसळलेल्या असतात, चाललेल्या वाटेवर घोडा आलेला असतो. हंगेरीच्या विशाल मैदानावरील घोडदौड जशी लिहिली तशी घडलेली नव्हती, हे फर्मरने स्वतः आपल्या चरित्रकार बाईंजवळ मान्य केले होते. अशा वेळी गोंधळून जाण्याचे कारण नाही, आणि लेखकाला खोटे ठरवण्याचेही नाही.

या बाबतीत जुना दाखला मात्सुओ बाशो या जपानी कवीचा. 1689 मध्ये तो आपला शिष्य सोरा याच्यासह उत्तरेच्या दीर्घ प्रवासाला निघाला. त्याने आपले प्रवासवर्णन पुढे कित्येक वर्षे घडवले, 1694 मध्ये म्हणजे मृत्यूच्याच वर्षी ते सिद्ध केले, आणि ते छापले गेले 1702 मध्ये. त्या पुस्तकाबरोबर वाढलेल्या पिढ्यांना ते प्रवासाचे यथातथ्य वृत्त वाटत होते. 1943 मध्ये सोराची रोजनिशी प्रसिद्ध झाली आणि तारखा, हवामान, भेटीगाठी अशा अनेक ठिकाणी दोन्ही वृत्तांत जुळत नाहीत असे दिसले. इचिबुरी येथील मुक्कामात भेटलेल्या दोन गणिकांचा बाशोने वर्णिलेला प्रसंग, जो वाचकांच्या मनात घर करून राहिलेला आहे, तो सोराच्या वहीत नाहीच. तरीही त्यानंतर बाशोचे पुस्तक कोणी सोराच्या नोंदीप्रमाणे दुरुस्त करून छापले नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचले जातात, आणि कवीने काय रचले हे त्यामुळे अधिक चांगले कळते.

म्हणून नियम असा ठेवावा. लेखकाला जे लिहायचे होते तेच त्याने लिहिले असेल, तर ते वस्तुस्थितीशी विसंगत असले तरी मजकुरात तसेच राहू द्यावे आणि विसंगती टिपेत नोंदवावी. लेखकाला जे लिहायचे नव्हते ते लेखणी घसरल्याने लिहिले गेले असेल, उदाहरणार्थ नदीच्या पूर्व तीराऐवजी पश्चिम तीर किंवा 1934 ऐवजी 1943, तर ते दुरुस्त करावे आणि दुरुस्तीची नोंद ठेवावी. यांतील सीमारेषा नेहमी स्पष्ट असत नाही. शंका आली तर मजकूर तसाच राहू द्यावा.

वाक्यांना हात लावताना

अपुऱ्या मसुद्यात पुनरुक्ती असते, एकाच वाक्याचे तीन पर्याय समासात लिहिलेले असतात, आणि ‘येथे मठाचे वर्णन’ अशा स्वतःलाच दिलेल्या सूचना असतात. पर्यायांपैकी शेवटचा घ्यावा. शेवटचा कोणता हे शाईवरून आणि जागेवरून ठरवावे, आपल्या आवडीवरून नव्हे. पुनरुक्ती गाळता येते, कारण लेखकानेही ती गाळली असती असे मानायला सबळ आधार असतो, परंतु गाळलेला भाग नोंदवहीत पूर्ण उतरवून ठेवावा. न लागलेला शब्द अंदाजाने भरू नये. चौकटी कंसात प्रश्नचिन्ह पुरेसे आहे. लेखकाने खोडलेले शब्द मजकुरात परत आणू नयेत, ते कितीही चांगले असले तरी.

जोडवाक्ये लिहिणे टाळता आले तर उत्तम. परिच्छेद हलवल्यामुळे ‘दुसऱ्या दिवशी’ यासारखे दोन शब्द घालावे लागले, तर ती मर्यादा समजावी. ‘द ब्रोकन रोड’च्या संपादकांनी प्रस्तावनेत ग्वाही दिली आहे की पुस्तकातील क्वचितच एखादा शब्दप्रयोग फर्मरचा नाही. अशी ग्वाही आपल्याला देता येईल की नाही, हा प्रश्न काम करताना रोज स्वतःला विचारावा. देता येणार नाही असे वाटू लागले, की आपण सहलेखक होऊ लागलो आहोत हे ओळखावे.

माणसांच्या नावांबाबत लेखकाची इच्छा अखेरपर्यंत पाळावी. प्रवासात आसरा देणारी, प्रेम करणारी, कधी फसवणारीही माणसे पुस्तकात येतात, आणि त्यांची कुटुंबे आजही असतात. फर्मरने काही व्यक्तींची नावे स्वतः बदलली होती. खरी नावे कागदांत सापडली म्हणून ती मजकुरात आणण्याचा अधिकार संपादकाला मिळत नाही.

तुटलेला शेवट

आता सर्वांत अवघड जागा. फर्मरचा मसुदा काळ्या समुद्राच्या बल्गेरियन किनाऱ्यावर, तुर्की सरहद्दीच्या अलीकडे, एका वाक्याच्या मध्येच थांबतो. ज्या शहराकडे तो वर्षभर चालला त्या शहरातील प्रवेशाचे वर्णन त्याने लिहिलेच नाही. तेथील दिवसांविषयी रोजनिशीत फक्त तुटक नोंदी आहेत. थुब्रॉन हे स्वतः कसलेले प्रवासलेखक. शहराच्या भिंती, हिवाळ्यातली पहाट, खाडीवरून येणारे बोटींचे भोंगे हे सारे त्यांना फर्मरच्या शैलीत लिहिता आले नसते असे नाही. त्यांनी आणि कूपर यांनी ते लिहिले नाही. वाक्य तुटते तिथे तुटू दिले, नंतर रोजनिशीतील त्या नोंदी दिल्या, आणि मग एथॉसचा विभाग लावला. माझ्या दृष्टीने या संपूर्ण पुस्तकातला संपादकांचा सर्वांत मोठा निर्णय हाच आहे, आणि तो घेण्यासाठी लागणारे धैर्य सुंदर पान लिहिण्याच्या कौशल्याहून मोठे आहे.

खंड पडला असेल तर प्रथम लेखकाच्याच इतर लेखनात त्या वाटेविषयी काही सापडते का ते पाहावे. बाडे यांनी म्यूअरच्या बाबतीत असेच केले. फ्लोरिडात आजारपण, नंतर क्यूबा, आणि तेथून कॅलिफोर्निया असा तो प्रवास पुढे गेला. त्या पुढच्या भागाचा दुवा जुळावा म्हणून त्यांनी म्यूअरच्या एका पत्रातील मजकूर घेतला आणि शेवटचे प्रकरण म्हणून 1872 मध्ये मासिकात आलेला त्याचाच लेख जोडला. शब्द लेखकाचेच, पण वेगळ्या प्रसंगी लिहिलेले. हे वाचकाला सांगितले, की फसवणूक राहत नाही. पत्रे, मुलाखतीच्या ध्वनिफिती, जुने छापील लेख, मित्राच्या वहीत लेखकाने लिहून दिलेला परिच्छेद, हे सर्व अशा वेळी कामी येते. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याचे वर्ष आणि मूळ स्थान द्यावे.

असे काहीच मिळाले नाही, तर खंड खंड म्हणूनच छापावा. वेगळ्या, लहान अक्षरांत तीन-चार ओळींचे निवेदन द्यावे: लेखक येथून कोणत्या मार्गाने, साधारण कधी, कुठवर गेला असे इतर पुराव्यांवरून दिसते. या निवेदनात विशेषणे नसावीत, दृश्ये नसावीत, लेखकाच्या भावनांविषयी तर एकही शब्द नसावा. अर्धे वाक्य पूर्ण करू नये आणि त्यापुढे तीन टिंबेही देऊ नयेत, कारण टिंबे पाहून लेखकाने मुद्दाम वाक्य सोडले असा समज होतो. वाक्य जिथे थांबले तिथे पानाची जागा कोरी ठेवावी आणि मसुदा येथे संपतो असे पुढच्या पानावर सांगावे.

शीर्षक, प्रस्तावना आणि कागदांची पुढची सोय

लेखकाने शीर्षक ठरवले नसेल तर संपादकाला ते द्यावे लागते, आणि त्यात अपुरेपणा लपवू नये. फर्मरच्या तिसऱ्या भागाला दिलेले, वाट तुटल्याचे उघड सांगणारे नाव या दृष्टीने अगदी योग्य आहे. लेखकाच्या मनातला परिपूर्ण तिसरा खंड तो हा नव्हे, हे वाचकाला मुखपृष्ठावरच कळते. संपादकांची नावे मुखपृष्ठावर किंवा किमान शीर्षकपृष्ठावर असावीत. ती लपवणे म्हणजे विनय नव्हे. कोणी निवडले आणि कोणी गाळले हे कळण्याचा वाचकाला हक्क आहे.

प्रस्तावना लेखकाच्या गुणगौरवात संपवू नये. प्रवास कधी झाला, लेखन कधी झाले, कोणते थर मिळाले, मूळ पाठ कोणता धरला, कुठे काय गाळले, कोणत्या प्रकारच्या दुरुस्त्या केल्या आणि मजकूर नेमका कुठे तुटतो, हे सर्व सरळ सांगावे. पुस्तक का अपुरे राहिले याविषयी लेखकाने स्वतः काही लिहून ठेवले असेल तर ते द्यावे. नसेल तर त्याच्या मनाचे निदान करू नये. वर्षानुवर्षे एखाद्याला शेवट लिहिता आला नाही, यामागे वार्धक्य, पत्नीवियोग, अतिकाटेकोरपणा किंवा नुसता कंटाळाही असू शकतो.

मुद्रितशोधनासाठी प्रत देताना मूळ मजकूर, संपादित मजकूर आणि बदलांची नोंदवही या तिन्हींची एकेक प्रत वारसांकडे आणि एकेक प्रत प्रकाशकाकडे ठेवावी. पुस्तक छापून झाले की मूळ कागद घरात न ठेवता, ते सांभाळण्याची आणि अभ्यासकांना दाखवण्याची व्यवस्था असलेल्या ग्रंथालयाकडे सोपवावेत. फर्मरचे कागद आज एडिनबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. सोपवताना संपादकाने आपली नोंदवही, वाटेचा तक्ता आणि न वापरलेल्या तुकड्यांची यादीही त्याच खोक्यात ठेवावी, आणि गठ्ठ्यांना दिलेली अक्षरे व पानांचे क्रमांक बदलू नयेत, कारण छापील पुस्तकातील प्रत्येक टीप त्याच क्रमांकांकडे बोट दाखवत असते.